विश्लेषण : दहा मिनिटांच्या माहितीपटासाठी शॉट आणि प्रश्न कसे आखतात?

हातात बऱ्यापैकी मोबाइल असला की माहितीपट करता येतो, हे आता खरे आहे. महाविद्यालयाचा प्रकल्प असो, संस्थेच्या कामाची नोंद असो किंवा लघुपट स्पर्धा असो, चित्रीकरणाला लागणारा खर्च बराच खाली आला आहे. मात्र संकलनाला बसल्यावर नवख्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. तासाभराची मुलाखत आहे, पण त्यात वापरण्याजोगे वाक्य मिळत नाही. आणि मिळाले तर त्यावर लावायला दृश्य नाही. ही अडचण कॅमेऱ्याची नसते. ती चित्रीकरणाआधी न केलेल्या दोन कागदांची असते. एक प्रश्नांची यादी, दुसरी शॉटची यादी. या याद्या कशा करतात आणि त्या वेगवेगळ्या न करता एकत्र का कराव्या लागतात, याविषयी…

लघु माहितीपट म्हणजे किती लहान?

ऑस्करच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटे किंवा त्याहून कमी लांबीचा माहितीपट ‘लघु’ ठरतो. २०२३ मध्ये ऑस्कर मिळवणारा कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ याच मर्यादेत बसणारा होता. भारतात फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि पुढची काही दशके चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी तिचे वार्तापट आणि माहितीपट दाखवले जात. छोट्या माहितीपटाची सवय आपल्या प्रेक्षकांना तिथूनच लागली.

मोबाइलवर पाहिला जाणारा आजचा माहितीपट मात्र बहुधा आठ ते बारा मिनिटांचा असतो. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. शीर्षक आणि श्रेयनामावलीला ४० सेकंद गेले, तर उरतात ५६०. सरासरी शॉट पाच-सहा सेकंदांचा धरला, तर सुमारे शंभर शॉट लागतात. निम्मा वेळ माणसांच्या बोलण्याला दिला, तर साधारण पाचशे ते सहाशे शब्द बसतात. म्हणजे हाताने लिहिलेली दोन-तीन पाने. तासाभराच्या मुलाखतीतून यापेक्षा जास्त काही चित्रपटात जाणार नाही. हा हिशेब आधी मांडला की एक गोष्ट स्पष्ट होते : दहा मिनिटांत एक विषय ‘सांगून’ होत नाही, फार तर एका प्रश्नाचा माग काढता येतो.

विषय आणि प्रश्न यांत फरक काय?

समजा, कोल्हापुरातल्या तीन विद्यार्थ्यांना कोल्हापुरी चपलेवर माहितीपट करायचा आहे. विषय मोठा आणि ओळखीचा. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधील प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच घाटाच्या चपला दिसल्या, त्यावर वाद झाला आणि या चपलेची चर्चा जगभर पोहोचली. एवढी माहिती कुणीही लेख लिहून देऊ शकतो. त्यासाठी कॅमेरा लागत नाही.

कॅमेरा लागतो तो पुढच्या पायरीवर. ‘कोल्हापुरी चप्पल’ हा विषय झाला. ‘चपलेचे नाव जगभर झाले, तर ती शिवणाऱ्याचा मुलगा या धंद्यात राहील का?’ हा प्रश्न झाला. प्रश्न ठरला की कुणाला भेटायचे हे ठरते : कारागीर, त्यांची पत्नी, मुलगा, चपला उचलणारा दुकानदार. इतिहासाचे अभ्यासक, प्रसिद्ध व्यक्ती, पर्यटक यांना यादीतून गाळता येते. काय चित्रित करायचे तेही ठरते. रंकाळा आणि अंबाबाईच्या देवळाचे शिखर सुंदर दिसेल, पण त्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. मुलगा सकाळी कुठल्या दिशेने घराबाहेर पडतो, याचा आहे.

म्हणून अनुभवी मंडळी आधी एकच वाक्य लिहितात : ‘हा चित्रपट अमुक माणसाचा आहे, त्याला अमुक हवे आहे आणि अमुक गोष्ट आडवी येते आहे.’ हे वाक्य लिहिता येत नसेल, तर चित्रीकरणाला निघण्याची वेळ झालेली नाही. त्यासाठी कॅमेरा न घेता किमान एक फेरी मारावी लागते. त्या फेरीत काम कसे चालते, कुठल्या वेळी उजेड कुठून येतो, आवाज कशाचा आहे, कोण बोलके आहे आणि कोण गप्प बसते, एवढे टिपायचे. मात्र याच फेरीत मुख्य प्रश्न विचारून टाकायचे नाहीत. माणूस पहिल्यांदा जे सांगतो तेच ताजे असते. दुसऱ्यांदा तो ‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करतो आणि उत्तर आखडते.

मुलाखतीचे प्रश्न कसे तयार करतात?

लोकांना थेट कॅमेऱ्यापुढे बोलू देण्याचे सुरुवातीचे गाजलेले उदाहरण म्हणजे १९३५ चा ब्रिटिश माहितीपट ‘हाऊसिंग प्रॉब्लेम्स’. लंडनच्या झोपडपट्टीत अवजड ध्वनियंत्रणा नेऊन तिथल्या रहिवाशांनाच आपल्या घरांबद्दल बोलते केले गेले. त्या कामात रूबी ग्रिअरसन यांचा मोठा वाटा होता. कॅमेरा आणि मायक्रोफोन आता तुमचा आहे, काय सोसता ते तुम्हीच सांगा, अशी त्यांची भूमिका होती. ढेकूण, उंदीर आणि गळकी छपरे यांबद्दल लोक बोलले ते त्यामुळे.

याउलट प्रश्न फार मोठा असला की काय होते, हेही एका गाजलेल्या माहितीपटात दिसते. ज्याँ रूश आणि एडगर मोरँ यांच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ (१९६१) मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे विचारले जाते. अनेक जण टाळून पुढे जातात, काही थोडक्यात सुटका करून घेतात. चित्रपटात खोल जाते ते घरात, जेवणाच्या टेबलाभोवती, वेळ देऊन झालेले बोलणे.

मधला मार्ग फिल्म्स डिव्हिजनच्या एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) मध्ये दाखवला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या आणि आता वीस वर्षांच्या झालेल्या तरुण-तरुणींना त्यांनी बोलते केले. प्रश्न मोठेच होते, देशाबद्दल आणि भविष्याबद्दल. पण ते ज्याच्या-त्याच्या वयाशी बांधलेले होते, आणि उत्तर कौतुकाचेच हवे अशी अट नव्हती. त्यामुळे उमेदीने बोलणाऱ्यांसोबत देशावर आपले प्रेम नाही असे सरळ सांगणाराही त्यात आहे. सरकारी संस्थेचा हा माहितीपट आजही पाहिला जातो, याचे एक कारण ते मोकळेपण आहे.

यातून प्रश्नांबाबत काही व्यवहारी नियम निघतात. पहिला : ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असू शकते, तो प्रश्न बदलायचा. ‘मामा, धंदा कमी झालाय का?’ या प्रश्नावर मान हलते आणि संपते. ‘मामा, तुम्ही शिकत होता तेव्हा दिवसाला किती जोड व्हायचे? आज किती होतात?’ यावर हिशेब निघतो, आणि हिशेबाबरोबर आठवण निघते.

दुसरा : भावना विचारायच्या नाहीत, प्रसंग विचारायचा. ‘मुलगा दुसरीकडे नोकरीला लागला तेव्हा कसे वाटले?’ यावर ‘वाईट वाटले, पण काय करणार’ एवढेच मिळते. ‘त्याने घरी सांगितले तेव्हा तुम्ही काय करत होता? मग काय बोलणे झाले?’ असे विचारले की उत्तरात माणूस, जागा आणि वेळ येते.

तिसरा : एका वेळी एकच प्रश्न. ‘तुम्ही कधी शिकलात, कोणी शिकवले आणि तेव्हा काय परिस्थिती होती?’ हे तीन प्रश्न आहेत. उत्तर शेवटच्याचेच मिळेल.

चौथा : प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज चित्रपटात नसेल, तर उत्तर स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे. ‘कधीपासून?’ याला ‘बारा वर्षांचा असल्यापासून’ असे उत्तर आले तर संकलनात त्याचा उपयोग नाही. म्हणून सुरुवातीलाच विनंती करायची : ‘माझा आवाज नंतर काढून टाकणार आहे, म्हणून प्रश्नातले शब्द घेऊन उत्तर द्याल का?’ एक-दोनदा सराव झाला की बहुतेकांना जमते. जमले नाही तर टोकू नये. थोड्या वेळाने तोच प्रश्न ‘त्याबद्दल जरा सविस्तर सांगा’ असा फिरवून विचारावा.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा. सुरुवात हाताच्या कामापासून करायची. कातडे भिजवून कुटायचे का, आरी कुठली वापरता, असले प्रश्न माणसाला त्याच्या जमिनीवर उभे करतात. कठीण प्रश्न, म्हणजे पैसा, कर्ज, मुलगा, जात, हे मध्यानंतर. आणि अखेरीस नेहमीचा पण अनेकदा सगळ्यात कामाचा ठरणारा प्रश्न : ‘मी विचारायचे राहिले असे काही आहे का?’ तो विचारून कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. उत्तर संपले असे वाटल्यावरही चार-पाच सेकंद गप्प राहायचे. ती शांतता भरून काढण्यासाठी माणूस जे बोलतो, ते बरेचदा त्याने ठरवलेले नसते.

एका मुलाखतीसाठी दहा-बारा प्रश्न पुरतात. ते कागदावर असावेत, पण वाचून दाखवू नयेत. खालच्या कागदाकडे पाहणाऱ्या माणसाशी कुणी मनापासून बोलत नाही.

शॉटची यादी कशी करतात?

शॉटची यादी म्हणजे ठिकाणांची यादी नव्हे. ‘कार्यशाळा, बाजार, घर’ असे लिहिले तर प्रत्येक ठिकाणी एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून घेतलेले पाच-पाच मिनिटांचे लांबलचक चित्रीकरण हाती येते. यादी कृतीची करायची. चपलेचे काम घेतले तर कृती अशा : बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे भिजवणे, कुटणे, रापीने तळ कापणे, कान बसवणे, आरीने भोक पाडून कातड्याच्या वादीने शिवणे, वेणी घालणे, तयार जोड उन्हात ठेवणे.

प्रत्येक कृतीसाठी पाच शॉटची एक सोपी पद्धत वार्तांकनात आणि माहितीपटात रूढ आहे. पहिला हातांचा जवळचा शॉट : काय चालले आहे? दुसरा चेहऱ्याचा जवळचा : कोण करते आहे? तिसरा दुरून घेतलेला : कुठे चालले आहे? चौथा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून : त्याला काय दिसते? पाचवा थोड्या वेगळ्या कोनातून, जमिनीलगत किंवा दारातून. हे पाच मिळाले की शिवणकामाचे अर्धा तासाचे काम वीस सेकंदांत, कुठेही झटका न बसता दाखवता येते. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरायचा. मोबाइल इकडून तिकडे फिरवत राहणे ही नवख्यांची सर्वांत महागडी सवय आहे. फिरता शॉट कुठेही कापता येत नाही.

यादीत आणखी तीन गोष्टी हमखास राहून जातात. एक, प्रतिक्रिया : बोलणाऱ्याचे ऐकणारी पत्नी, भावावर घासाघीस करणारे गिऱ्हाईक. दोन, न चालणाऱ्या गोष्टी : भिंतीवरचा फोटो, रिकामा पाट, खुंटीवर लटकलेली हत्यारे. ‘मुलगा आता बसत नाही’ या वाक्यावर लावायला रिकाम्या पाटापेक्षा चांगले दृश्य नाही. तीन, आवाज. हातोडीचा ठोका, आरीची कुरकुर, रस्त्यावरची रिक्षा हे वेगळे मुद्रित करायचे. शिवाय सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा अर्धा-एक मिनिट नुसता आवाज घ्यायचा. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते.

तांत्रिक बाबी थोडक्या पण ठाम आहेत. मुलाखतीत कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि प्रश्न विचारणाऱ्याने लेन्सच्या अगदी शेजारी बसायचे, म्हणजे नजर नैसर्गिक राहते. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, जागा आधीच रिकामी केलेली. शर्टाला लावायचा छोटा माइक हा एकच खर्च टाळू नये. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, न कळणारा आवाज करत नाही. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. त्यामुळे काही दिव्यांखाली सेकंदाला ३० चौकटींनी चित्रीकरण केले की चित्र लुकलुकते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले की हा त्रास बहुधा टळतो.

दोन्ही याद्या एकत्र का?

इथे नियोजनाचा गाभा आहे. मुलाखतीत जे सांगितले जाणार, तेच दृश्यात दाखवले तर एकाचे काम फुकट जाते. ‘मी वादीने शिवतो’ हे वाक्य आणि वादीने शिवतानाचा शॉट एकमेकांवर ठेवले की प्रेक्षकाला काहीच नवे मिळत नाही. म्हणून पानाच्या मधोमध रेघ मारतात. डावीकडे काय ऐकू येईल, उजवीकडे काय दिसेल. आणि प्रत्येक ओळीला विचारतात : दोन्हींतून मिळून तिसरे काही निघते का?

डावीकडे कारागीर एका जोडामागे हाती किती उरते ते सांगतो आहे. उजवीकडे तोच जोड दुकानाच्या काचेमागे, किमतीच्या चिठ्ठीसह. दोन्ही आकडे कुणीही एकत्र उच्चारत नाही, तरी हिशेब प्रेक्षकाच्या मनात होतो. डावीकडे बाप सांगतो, ‘माझ्या वडिलांनी मला इथेच बसवून शिकवले.’ उजवीकडे मुलगा दुचाकीला किक मारतो. निवेदकाने ‘नवी पिढी या व्यवसायापासून दूर जात आहे’ असे म्हणण्याची गरज उरत नाही.

हा कागद भरताना कोरे रकाने दिसू लागतात, आणि तेच त्याचे खरे काम. दुकानातली किंमत दाखवायची तर दुकानदाराची परवानगी काढावी लागेल. मुलगा सकाळी साडेसातला निघत असेल तर त्या वेळी तिथे असावे लागेल. पत्नी वेणी घालण्याचे काम करते, पण मुलाखतींच्या यादीत तिचे नाव नाही, हेही याच कागदावर लक्षात येते. अनेक घरांत या कामाचा नाजूक भाग बायकाच करतात, आणि कॅमेरा मात्र पुरुषासमोर लावला जातो.

प्रश्न आणि जागा यांचा असा मेळ किती खोल जाऊ शकतो, याचे टोकाचे उदाहरण क्लॉड लांझमान यांच्या ‘शोआ’ (१९८५) मध्ये आहे. त्रेब्लिंका छळछावणीत मृत्यूपूर्वी स्त्रियांचे केस कापण्याचे काम ज्यांना करावे लागले, त्या अब्राहम बोम्बा यांची मुलाखत लांझमान यांनी एका केशकर्तनालयात, त्यांचे हात केस कापत असताना घेतली. प्रश्न साधे, तपशिलाचे : आरसे होते का, कात्री कशी चालवायचात, किती जण होते. ‘काय वाटले’ याचे उत्तर देण्याचे सुरुवातीला टाळणारा हा माणूस हात चालता चालता एका क्षणी थांबतो आणि बोलूच शकत नाही. लांझमान त्यांना पुढे बोलण्याचा आग्रह करतात. तो आग्रह योग्य होता का, यावर आजही वाद आहे. नियोजन प्रभावी असले की त्याची जबाबदारीही वाढते, हे यातून दिसते.

आखणी मोडली तर?

ती मोडतेच. कारागिराच्या घरी त्या दिवशी पाहुणे येतात, पाऊस पडतो, मुलगा बोलायला नकार देतो. यादी अशा वेळी काय सोडता येईल आणि काय नाही हे सांगते. म्हणून यादीत प्रत्येक शॉटपुढे एक खूण असावी : ‘याशिवाय चित्रपट नाही’ किंवा ‘मिळाला तर बरे’. पहिल्या प्रकारात दहा-बाराच शॉट असावेत. मुलाने नकार दिला तर तोही चित्रपटाचा भाग होऊ शकतो. त्याचा रिकामा पाट यादीत आधीच आहे.

कधी घटना सगळी आखणीच बदलते. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या पोलीस गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘बॉम्बे : अवर सिटी’ (१९८५) या माहितीपटात ते गायले होते. त्या धक्क्यातून पटवर्धन यांनी सुरू केलेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’साठीही मुदुमलाईत सुमारे पाच वर्षे चित्रीकरण झाले. प्रत्येकाला इतका काळ मिळत नाही. पण एका दिवसाच्या कामातही अर्धा तास यादीबाहेर ठेवावा, हे त्यातून घेता येते.

‘पुन्हा करून दाखवा’ म्हणावे का?

हा प्रश्न माहितीपटाइतकाच जुना आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) मध्ये आतला उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे, मोठे बर्फाचे घर बांधून घेतले होते. त्या काळी तिथल्या लोकांकडे बंदुका आल्या होत्या, तरी शिकार भाल्याने करायला लावली गेली. चित्रपट अजरामर झाला, आणि आक्षेपही.

सर्वसाधारण संकेत असा : जे माणूस रोज करतो, ते कोन बदलून पुन्हा करायला सांगणे चालते. वादी ओवण्याची कृती तीनदा घेतली म्हणून काही खोटे ठरत नाही. जे तो करत नाही, किंवा आता करत नाही, ते ‘रोजचे’ म्हणून दाखवणे चालत नाही. मुलगा पाच वर्षांत पाटावर बसलेला नसताना त्याला बापाशेजारी बसवून शिवायला लावले, तर शॉट छान येईल आणि चित्रपटाचा मूळ प्रश्नच खोटा पडेल.

परवानगी आणि मोबदल्याचे काय?

लेखी संमतिपत्र मराठीत आणि एका पानाचे असावे : चित्रीकरण कशासाठी, कुठे दाखवणार, समाजमाध्यमांवर टाकणार का, नाव वापरणार का. सही मुलाखतीआधी घ्यावी आणि मुलाखतीनंतर ‘यातले काही काढून टाकावेसे वाटते का?’ असे पुन्हा विचारावे. मुलांबाबत पालकांची संमती हवी. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि बाल न्याय कायद्याखाली येणाऱ्या मुलांबाबतही तसेच बंधन आहे. चेहरा धूसर केला, पण घर, शाळेचा गणवेश किंवा आईचा आवाज तसाच राहिला, तर ओळख उघड झालीच. रेल्वे स्थानके आणि संरक्षित स्मारके येथे आधी परवानगी लागते. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आणि त्यातील हवाई क्षेत्रांचा नकाशा पाहूनच उड्डाण करावे.

पैशांबाबत एकमत नाही. विशिष्ट उत्तरासाठी पैसे देणे चूक, यावर दुमत नाही. पण नगावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराचा अख्खा दिवस घेतला, तर त्याचे त्या दिवसाचे जोड बुडतात. त्याची भरपाई आधी बोलून, उत्तरांशी न जोडता देणे अनेकांना रास्त वाटते. ते अंदाजपत्रकात आधीच धरावे.

चित्रीकरणानंतर या कागदांचा उपयोग काय?

मुलाखत जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतात आणि प्रत्येक उत्तरापुढे वेळ लिहितात. मग सुरुवातीचा प्रश्न समोर ठेवून वाक्ये निवडतात आणि रेघ मारलेले पान नव्याने भरतात. आखलेले आणि मिळालेले यांतला फरक तिथे कळतो. बरेचदा चित्रपट त्या फरकातच असतो. बापाने मुलाबद्दल तक्रार करावी अशी आखणी होती आणि तो म्हणाला की मीच त्याला इथे बसू नको म्हटले. असे झाले तर जुना कागद बाजूला ठेवून त्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

‘क्रॉनिकल ऑफ अ समर’च्या अखेरीस रूश आणि मोरँ यांनी चित्रित केलेला भाग त्यातल्या सहभागी लोकांनाच दाखवला आणि त्यांची मतेही चित्रपटात घेतली. काहींना तो खरा वाटला, काहींना नाही. दहा मिनिटांच्या माहितीपटालाही ती पायरी परवडते. स्पर्धेला पाठवण्याआधी किंवा समाजमाध्यमावर टाकण्याआधी तो कारागिराच्या घरी, त्यांच्याच मोबाइलवर दाखवायचा. त्या वेळी पडद्याकडे पाहायचे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे. कुठे ते हसतात, कुठे मान खाली जाते, हे टिपायचे. बदल करायला तेव्हाही वेळ असतो.